खाणमालकाची पिकअप

१२ जानेवारी

मामा,

पत्र बघून दचकू नका, सगळे धडधाकट आहोत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि येत असतं तरी इथून लागला नसता. खाण बंद झाली तसा कंपनीनं टॉवरसुद्धा उतरवून नेला. टपालाची गाडी तेवढी आठवड्यातून एकदा येते. तीही बंद व्हायच्या आत लिहून घेते.

माझा वजनकाटा गेल्या पावसाळ्यातच बंद पडला. खडीच नाही तर तोलणार काय? ह्यांचं कामही त्याच सुमारास सुटलं. मालक गेले आणि जाताना त्यांची ती जुनी पिकअप ह्यांच्या हवाली करून गेले. तुम्ही आला होतात तेव्हा तिच्याभोवती दोन चकरा मारून म्हणाला होतात, "हा पांढरा हत्ती आहे, जवळ जाऊ नका." चामड्याच्या सीटा, छताला सरकणारी काच, डॅशबोर्डवर खरं लाकूड, आणि मागे माल टाकायला हौदा, ज्यात मालकांनी कधी वीटसुद्धा टाकली नाही. तीच. तो हत्ती आता आमच्या दारात आहे.

चावी फिरवली की नुसतं 'टक' होतं आणि पुढे सामसूम. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडून चालू केली तर चालते, पण सकाळी पुन्हा तेच. शिवाय रात्रभरात तिचा मागचा भाग खाली बसतो, अगदी कुत्रं बसावं तसा. हे रोज तिला पुसतात, काच लख्ख ठेवतात. बॉनेट मात्र उघडत नाहीत. "मी ड्रायव्हर आहे, मिस्त्री नाही," म्हणतात.

मामा, मनातलं सांगते. वस्तीतली निम्मी घरं रिकामी झालीत. ही गाडी एकदा धड झाली की आम्ही तिच्यात बसून तुमच्याकडे यावं म्हणते. तुमच्या गॅरेजात ह्यांना काही काम मिळेल का? गाड्या आणायला, पोचवायला, ट्रायल घ्यायला? ह्यांचा हात किती हलका आहे ते तुम्ही पाहिलंय. पाण्याचा पेला डॅशबोर्डवर ठेवला तर सांडणार नाही. स्टिअरिंग हातात आलं की माणूस पुन्हा बोलायला लागेल असं मला वाटतं.

तुमची,
बारकी

२४ जानेवारी

बारके,

तुझं अक्षर अजून कोंबडी नाचल्यासारखंच आहे, पण पत्र आलं हे बरं झालं. इथे माझ्याशी सगळे हातवारे करून बोलतात. कागदावर कुणी बोललं की माणसात असल्यासारखं वाटतं.

कामाचं विचारलंस. ये. जावईबापूंसारखा हात कुठल्या गॅरेजला नको असेल? आधी गाडी धड करू.

आता नीट वाच. 'टक' म्हणजे बहुतेक बॅटरीत दम नाही किंवा तारांची पकड सुटली. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा फुलोरा आलाय का बघ. आला असेल तर आधी उणेची तार काढ, मग अधिकची. बसवताना उलट, अधिक आधी. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशनं घास, वाळव, घट्ट आवळ. उणेची तार जिथे गाडीच्या अंगाला जोडलीय ते टोकही खरवडून काढ. ते कुणी बघत नाही आणि निम्मी दुखणी तिथेच असतात.

मागून बसणं हे वेगळं. त्या गाडीला मागे स्प्रिंगच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या आहेत. पिशवी चिरली की हवा जाते. मग छोटा पंप ती भरत बसतो. रात्रभर भरत राहिला तर सकाळी बॅटरी रिकामी! दोन दुखणी नसून एकच असेल.

गाडी बंद करून मागच्या चाकापाशी कान लाव. काय ऐकू येतं ते लिही. मला कान राहिले नाहीत, तेव्हा माझे कान तूच. 'विचित्र आवाज येतो' असं लिहिलंस तर तुझे उपटीन. कशासारखा येतो ते पाहिजे.

आणि जावईबापूंना टॉर्च धरायला उभं कर. मिस्त्री होऊ नका म्हणावं, दिव्याचा खांब व्हा.

मामा

६ फेब्रुवारी

मामा,

चालू झाली! पहिल्या फटक्यात. फुलोरा इतका होता की बॅटरीवर बुरशी धरल्यासारखी दिसत होती. ती खालची तार तर नुसती टेकलेली निघाली.

हे टॉर्च धरून उभे होते. गाडी चालू झाली तेव्हा म्हणाले, "बरी झाली." मामा, कित्येक दिवसांत ह्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले दोन शब्द. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

कान लावला. बाटलीत माशी अडकावी तसा आवाज आहे, घुंईं घुंईं. मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. म्हणजे पंपच ना? फ्यूजच्या डब्याच्या झाकणावरचं चित्र बघून रात्री त्याचा फ्यूज काढून ठेवते, सकाळी लावते. बॅटरी आता टिकते. मागून बसायची ती बसतेच.

शेजारचे सुतार परवा गेले. जाताना दाराला कुलूपही लावलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "कुणासाठी?"

बारकी

२० फेब्रुवारी

बारके,

शाब्बास! बाटलीतली माशी म्हणजे पंपच. चाळीस वर्षं ह्या धंद्यात काढली, कुणी गिऱ्हाइकानं इतकं नेमकं सांगितलं नाही. सगळे म्हणायचे, "मिस्त्री, कायतरी वाजतंय बघा."

सोबत पार्सलमध्ये हवेची एक पिशवी पाठवतोय. त्याच जातीच्या गाडीची आहे, जुनी पण चांगली. माझ्या खाटेखालच्या पेटीत पडून होती. आधी दोन्ही पिशव्यांवर साबणाचं पाणी शिंपड. जिथे बुडबुडे येतील ती चिरलेली. एकच असेल अशी आशा करू, कारण पिशवी एकच आहे.

बदलताना घाई करायची नाही. सपाट जागा, पुढच्या चाकांना दगड, जॅक लावल्यावर शेजारी लाकडी ठोकळे रचायचे आणि गाडीचा भार त्यांच्यावर द्यायचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. हे माझ्या गळ्याची शपथ घालून सांगतो. हवेची नळी ओढून उपटू नकोस. नळीभोवतीची कडी आत दाब, मग ती आपोआप सुटते.

जावईबापू बोलले हे वाचून मी ते पत्र सूनबाईला दाखवलं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही हसलात.

मामा

९ मार्च

मामा,

पिशवी बसली. डावी चिरली होती, घडीत. साबणाच्या पाण्याचा असा फेस आला की धुणंच लावल्यासारखं वाटलं. दोन दिवस गेले, माझ्या कोपरांची सालं गेली, पण गाडी आता उभीच्या उभी आहे. काल रात्रभर खाली आली नाही. सकाळी उठून आधी तिच्याकडे बघितलं आणि मग तोंड धुतलं.

हे आता तिला मैदानात फिरवून आणतात. परवा सरकणारी काच उघडून दाखवली मला.

आता एका नव्या आवाजाचं. बॉनेटच्या पुढून येतो. स्टीलच्या ताटलीत कोरडी वाळू फिरवावी तसा, आणि इंजिनबरोबर वाढतो. गाडी थांबली की पुढे गोडसर वास येतो. जमिनीवर एखाददुसरा हिरवा थेंब असतो.

वस्तीत आता आम्ही दोघं, रखवालदार आणि टाकीजवळची म्हातारी एवढेच उरलोय. पाण्याचा टँकर मे संपला की बंद. कंपनीचा माणूस तसं सांगून गेला, आणि आमच्या खोल्यांची दारं-खिडक्यासुद्धा काढून नेणार आहेत. म्हणून एप्रिलच्या मध्याला निघायचं ठरवलंय. थेट गॅरेजवरच येतो. तुम्ही दारात उभे राहा, हॉर्न ऐकू येणार नाही तुम्हाला, पण गाडी दिसेल. एवढी मोठी आहे!

बारकी

२१ मार्च

बारके,

घाई नको. लांबचा पल्ला आहे. ह्या गाड्या वरून राजा आणि आतून रोगी असतात. आधी हे सगळं बघ.

ताटलीतली वाळू म्हणजे बेल्टच्या एखाद्या पुलीचं बेअरिंग. बेल्ट उतरवून प्रत्येक पुली हातानं फिरव. जी खरखरेल ती बदलायची. कुणी सोडून गेलेली गाडी असेल तर तिची मापानं जुळते का बघ. गोड वास आणि हिरवा थेंब म्हणजे कूलंट गळतंय. नळ्या दाबून बघ, मऊ भजं झाली असेल ती टाकून दे. रेडिएटरचं झाकण गाडी पूर्ण थंड असल्याशिवाय उघडायचं नाही.

मग छताच्या काचेच्या चारी कोपऱ्यांत पाणी वाहून जायची भोकं असतात. ती तुंबली की पाणी पायाखालच्या गालिच्यात आणि तिथून वायरींमध्ये. बारीक नायलॉनची दोरी घालून मोकळी कर. ब्रेक ऑइल काळं पडलं असेल तर बदल. टायरच्या नक्षीवर जाऊ नकोस, बाजूच्या रबराला भेगा आहेत का ते बघ. वायपर बघ. दिवे बघ. हे सगळं झालं की उन्हाळा जाऊ दे. इंजिनला उन्हाचा त्रास नको. टँकरचं कंपनीचं बोलणं म्हणजे नुसती भीती असते, बंद करत नाहीत.

आणि हो, गिअरबॉक्सचं ऑइल. ते राहिलंच. गाडी गरम करून, सपाटीवर चालू ठेवून, तेल मोजायची पट्टी काढून पांढऱ्या कापडावर टिप. रंग आणि वास कळव.

इथे सध्या गॅरेजात जरा गडबड आहे. म्हणून म्हणतो, सावकाश ये.

मामा

४ एप्रिल

मामा,

सगळं केलं. पुली खाणीच्या पडीक जीपवरून काढली. ती बसली. नळी बदलली. भोकं मोकळी केली तर त्यातून मालकांच्या वेळची कुजकी पानं निघाली. ब्रेक ऑइल नवं भरलं. भेगा एका टायरला आहेत, तो मागच्या हौद्यात टाकून स्टेपनी लावली.

गिअरबॉक्सचं ऑइल तपकिरी आहे. करपलेल्या दुधासारखा वास. कापड उन्हात धरलं तर त्यात चमचम दिसते, बारीक.

तुम्हाला गडबड आहे म्हणून तुम्हाला त्रास दिला नाही. गॅरेजच्या पत्त्यावर तुमच्या भागीदारांना मी वेगळं पत्र टाकलंय. वरच्या माळ्यावर आम्हा दोघांना थोडे दिवस जागा होईल का, एवढंच विचारलंय. सफाई मी करीन म्हटलंय.

बारकी

१३ एप्रिल

बारके,

हे पत्र मिळाल्याबरोबर गाडीची चावी खुंटीला टांग.

तपकिरी ऑइल, करपट वास आणि चमचम म्हणजे गिअरबॉक्सच्या आतल्या पकडीच्या पट्ट्या झिजून गेल्या आहेत. ती चमचम धातूची आहे. सपाटीवर चालेल, फसवेल. घाटात चढायला लावलंस की इंजिन ओरडेल आणि चाकं फिरणार नाहीत. नवं ऑइल घातलं तरी आता उपयोग नाही. हे पुलीसारखं, पिशवीसारखं घरच्या घरी होण्यातलं नाही. ही गाडी इथवर येणार नाही, बारके. दुसऱ्या गाडीनं कुठे जायचं ते जा, हिच्यातून नको.

भागीदाराला कशाला लिहिलंस? मला विचारायचं होतंस.

मामा

२९ एप्रिल

मामा,

माझं पत्र परत आलं. पाकिटावर तुमच्या तिथल्या पोस्टमननं लिहिलंय, 'गॅरेज बंद होऊन बराच काळ झाला. आता सोफ्यांचं दुकान.' खाली सही आणि शिक्का. सोफ्यांचं दुकान, मामा!

मी ते पाकीट दिवसभर हातात घेऊन बसले. मग तुमची सगळी पत्रं पुन्हा वाचली. पुली बघ, भोकं बघ, वायपर बघ, उन्हाळा जाऊ दे. आणि आता गिअरबॉक्स. अगदी वेळेवर सापडला तुम्हाला गिअरबॉक्स. तपकिरी म्हटलं म्हणून गिअरबॉक्स, मी काळं म्हटलं असतं तर इंजिन गेलं असतं. येऊ नकोस एवढं सरळ लिहायला काय झालं होतं?

पण मीही खोटं लिहिलं. तेव्हा तुमच्यावर तोंड टाकायचा मला हक्क नाही. ह्यांनी टॉर्च कधीच धरली नाही. ती मी दोरीनं बॉनेटच्या आकड्याला बांधली होती. 'बरी झाली' हेही ह्यांनी म्हटलं नाही, ते मीच माझ्याशी म्हटलं. मैदानात गाडी मी फिरवली. हे रोज सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात, गाडी पुसतात आणि स्टिअरिंगवर बसतात. संध्याकाळी उतरतात. जेवण मी खिडकीतून देते. पिशवी बदलायच्या दिवशी उतरा म्हणून हातापाया पडले, उतरले नाहीत. शेवटी ह्यांच्यासकट गाडी वर उचलली आणि ठोकळ्यांवर ठेवली. तुमची शपथ पाळली तेवढी.

म्हातारी गेली. तिचा मुलगा येऊन घेऊन गेला. खोल्यांच्या खिडक्या काढायला माणसं आलीत, आमची उद्या काढतील. घाटापलीकडच्या शहरात खडीच्या मोठ्या यार्डात वजनकाटा आहे असं त्यांच्यातला एक म्हणाला. परवा निघतोय. गाडी चांगली चालते. गिअर छान पडतात. मला तुमचा आता काहीच भरवसा वाटत नाही.

बारकी

८ मे

बारके,

हे पत्र तू निघायच्या आत पोचणार नाही हे कळतंय, तरी लिहितोय.

कान गेले तशी गिऱ्हाइकं गेली. इंजिन ऐकू न येणाऱ्या मिस्त्रीकडे कोण येणार? भागीदारानं त्याचा हिस्सा विकला, मग मलाही विकावा लागला. आता मी मुलाच्या घरी खिडकीशी स्टुलावर बसतो. खालून गाड्या जातात. कुठली आजारी आहे ते धुरावरून ओळखायचा खेळ एकटाच खेळतो. सूनबाई वाईट नाही. पण हॉलमध्ये एक खाट आहे, तीच माझी खोली. तिथे तुम्हा दोघांना कुठे बोलावू?

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा खरं लिहायला बसलो होतो. पण बॅटरीचं सांगता सांगता हात चालायला लागला, आणि म्हटलं, पुढच्या पत्रात लिहू. मग पिशवी आली, मग पुली. गाडी धड होईतोवर काहीतरी सुचेल असं वाटत होतं. गाडी धड झाली आणि काही सुचलं नाही.

पण गिअरबॉक्सचं खरं आहे गं. बाकी सगळं धर खोटं, हे एक खरं धर. निघालीच असशील तर हौद्यातलं सगळं सामान फेकून दे. ऊन चढायच्या आत घाट चढा. गिअर खालच्या खुणेवर ठेवा, पाय जोरात दाबू नका. जळका वास आला की थांबा, न्यूट्रलवर टाका, गार होऊ द्या. पुन्हा पुन्हा थांबा. वेळ जाऊ द्या.

पत्र मिळालं की एक ओळ टाक. शिव्या असल्या तरी चालेल.

मामा

१७ जून

मामा,

तुम्ही काही लिहिलं असेल तर ते वस्तीवर गेलं असेल. तिथे घ्यायला कोणी नाही. दारं नाहीत, म्हणजे टाकायलाही जागा नाही. नवा पत्ता पाकिटावर घातलाय.

निघायच्या दिवशी गंमत झाली. मी चावी लावली तर हे म्हणाले, "पुढे नको. मागे बसायचं. मागची सीट चांगली आहे." खरंच म्हणाले, मामा, ह्या वेळी मी बनवून लिहीत नाही. एवढ्या वर्षांत मी त्या गाडीत मागे कधी बसले नव्हते. आणि ह्यांनी गाडी काढली. खाणीचा तो खड्ड्यांचा रस्ता, पण माझ्या मांडीवरची पाण्याची बाटलीसुद्धा कलंडली नाही. ह्यांची मान ताठ होती. आरशातून मागे बघून विचारलं, "काच उघडू का?" मी हो म्हटलं. वरून वारा आला. घाटाच्या पायथ्यापर्यंतचा तो रस्ता संपूच नये असं मला झालं होतं. मी मनात तुम्हाला चिडवतसुद्धा होते, बघा, कुठाय तुमचा गिअरबॉक्स?

चढ लागला. तिसऱ्या की चौथ्या वळणावर इंजिन एकदम ओरडायला लागलं आणि गाडी रांगायला लागली. करपट वास आला. मागून ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. मी म्हटलं, "अहो, थांबा." ह्यांनी पाय आणखी दाबला. मी खांदा धरून हलवला, "थांबा म्हणते ना!" तेव्हा मागे न बघता म्हणाले, "साहेब, पोचवतो वेळेवर."

मी कोण आहे हे ह्यांना माहीत नव्हतं, मामा. पायथ्यापासून माहीत नव्हतं की वस्तीपासून, ते मला सांगता येणार नाही.

मग गाडी थांबली ती थांबलीच. पुढे नाही, मागे नाही. ट्रकवाला चांगला माणूस निघाला. त्यानं उतरून चाकांमागे दगड लावले. तुमचं एवढं एकच खरं होतं आणि नेमकं तेच मी खोटं धरलं.

हे उतरले नाहीत. मी ट्रकमधून शहरात आले. खडीच्या यार्डात काटा आहे, पण तिथे आता गाडी चढली की आकडा आपोआप छापून येतो, माणूस लागत नाही. त्याच रस्त्याला भंगाराचं आवार आहे. तिथला काटा जुना आहे, म्हणून तिथे मला ठेवून घेतलं. आवाराच्या मागे पत्र्याची खोली दिली. रोज कामावरून सुटले की मिळेल त्या गाडीनं घाटात जायचे आणि डबा द्यायचे. डॉक्टरांनाही एकदा नेलं. त्यांनी डोळ्यांत टॉर्च मारून बघितलं, नाव विचारलं, वार विचारला. नाव ह्यांनी बरोबर सांगितलं. हुद्दाही सांगितला. गोळ्या लिहून दिल्या आहेत, बरं होण्याचं त्यांनी काही म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही.

वळणावर गाडी धोक्याची म्हणून शेवटी ती उचलायचा हुकूम निघाला. आमच्याच आवाराची क्रेन गेली. क्रेनवाल्यानं मला विचारलं, "आत कोण बसलंय?" मी म्हटलं, "ड्रायव्हर आहे गाडीचा." हळू आणली बिचाऱ्यानं.

आता गाडी आवारात मागच्या भिंतीशी आहे. हे सकाळी शर्ट घालून तिच्यात जाऊन बसतात. रात्री खोलीवर येतात, हात धरून आणलं तर येतात. आवाराच्या मालकांनी थोडे दिवस चालवून घेतलं, पण त्यांचाही धंदा आहे. परवापासून कामाला सुरुवात झाली. आधी टायर, मग बॅटरी, ती आपण साफ केलेली. काल दरवाजे उतरवले. चारही दरवाजे मीच तोलले आणि लिहून घेतले. ह्यांनी दरवाजा काढणाऱ्या पोऱ्याला सांगितलं, "सांभाळून, रंगाला ओरखडा नको." त्यानं हो म्हटलं.

तुम्ही येऊ नका. ह्या वयात तुमचं काम नाही, आणि येऊन करणार काय? राग गेलाय माझा. खरं तर त्या चार महिन्यांत रात्री पत्र उघडून बसायचे तेवढंच बरं वाटायचं. तुम्हालाही तसंच वाटत असेल तर लिहा, गाड्यांचं. तिथे रस्त्यावर काय दिसतं ते लिहा. आता दुरुस्त करण्यासारखं माझ्याकडे काही नाही, पण वाचीन.

उद्या इंजिन उतरवतील. त्यानंतर डॅशबोर्डचं लाकूड, ते कुणीतरी आधीच मागून ठेवलंय. मालकांना मी एवढंच विचारलं की ह्यांचं काय करायचं. ते भिंतीशी जाऊन बघून आले. मग म्हणाले, "ड्रायव्हरची सीट शेवटी काढू."

बारकी